गळपट्टीतली गाठ

१

अंगठी सापडली ती सिस्टर गाऊदेन्झियाच्या सुईदोऱ्याच्या डब्यात, आणि पुढच्या अर्ध्या तासात ती बाई चोर ठरली. अकरा वर्षं पोपबाबांचे पाय चोळणारी, त्यांचं सूप गाळून देणारी, शेवटचे तीन आठवडे खुर्चीत बसल्याबसल्या झोपणारी बाई. तिला चोर ठरवायला लाल टोपीवाल्या कार्डिनलांना अर्धा तास पुरला. माझं पावाचं पीठही तेवढ्या वेळात फुगत नाही.

अंगठी साधीसुधी नव्हती. पोप गेला की कारभारी कार्डिनलनं ती त्याच्या बोटातून काढायची आणि सगळ्या कार्डिनलांदेखत तिच्यावर छिन्नीनं फुली मारायची, म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला मोहोर उठवता येऊ नये. हल्ली मोहोरेला ती कुणी वापरत नाही. आमचे पोपबाबा मात्र जुन्या वळणाचे. खासगी पत्रांवर ते अजून लाल लाख ओतून हीच अंगठी दाबायचे. मंगळवारी पहाटे ते गेले. तासाभरानं कारभारी कार्डिनल तिबुर्झी अंगठी घ्यायला आले, तर हातात अंगठी नाही. तीन दिवस गुपचूप शोधाशोध चालली आणि शुक्रवारी दुपारी ती त्या डब्यात निघाली. संध्याकाळच्या वर्तमानपत्रात बातमीही आली, ‘पोपच्या उशाशी चोर’. ती कुणी पोचवली, हे आजतागायत कुणी विचारलेलं नाही.

मी ओत्ताव्हिया. वेशीच्या आतलं शिवणघर एकतीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. निवडणूक जवळ आली की नव्या पोपचे पांढरे झगे आम्हीच शिवतो. लहान, मध्यम आणि मोठा असे तीन, कारण कोण निवडून येईल आणि त्याचं पोट केवढं असेल, हे कुणाला ठाऊक? त्या शुक्रवारी मी मध्यमच्या बाह्या जोडत होते आणि सिस्टर समोर बाकावर भिंतीकडे बघत बसली होती. तिला दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. पोप गेल्यागेल्या त्यांच्या खोल्यांना फीत बांधून लाखेचं सील ठोकतात. तिची पिशवी आणि तो डबा त्यांनी बोळात काढून ठेवला होता. मंगळवारी दोन तास ते सामान तिथे बेवारशासारखं पडलं होतं. सपाता तर आतच राहिल्या.

चारच्या सुमाराला माझा दीर लेआर्को आला. तो इथल्या पहाऱ्यातला इन्स्पेक्टर. माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण हा मला अजून वहिनीच म्हणतो आणि माझी बोलणी अजून मुकाट्यानं खातो.

“वहिनी, उद्या दहाला कार्डिनलांची बैठक आहे. बैठक झाली की सिस्टरना उत्तरेच्या गाडीत बसवायचंय. त्यांच्या मठाला पत्रही जाणार आहे.”

“चोर म्हणून?”

“चोर म्हणून.”

“आणि तू काय करणारेस? गाडीपर्यंत पिशवी उचलणारेस?”

उद्या सकाळपर्यंत त्याला चौकशीची मुभा होती, तीही कारभाऱ्यांनी उपकार केल्यासारखी दिलेली. त्यानं खिशातून रुमाल काढून माझ्या टेबलावर उलगडला. आत अंगठी होती. होडी, जाळं ओढणारा कोळी, भोवती पोपबाबांचं नाव.

“हीच ना?”

मी ती उलटीसुलटी करून पाहिली. आतून बोट फिरवलं.

“आहे हीच. पण हिचा दोरा कुठाय?”

२

तीन आठवड्यांपूर्वी सिस्टर माझ्याकडे पांढरा रेशमी दोरा मागायला आली होती, मेण लावलेला, झग्याच्या गळपट्टीला वापरतात तो. अंगठी सैल होतेय, गळून पडेल म्हणाली. आतल्या बाजूनं दोरा गुंडाळायचा, म्हणजे बोटात घट्ट बसते. आमच्या आजीनं लग्नातली अंगठी अशीच चाळीस वर्षं घातली. मी तेव्हा तिची थट्टाही केली होती, की एवढी मोठी गादी आणि अंगठीला माझा दोरा.

लेआर्कोनं सिस्टरला जवळ बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं. ती थोडकंच बोलते, डोंगरातली आहे. मंगळवारी पहाटे पोपबाबा गेले तेव्हा खोलीत ती एकटी होती. तिनं त्यांचे डोळे मिटले आणि दार उघडलं. बाहेरच्या खोलीत त्यांचे चिटणीस, मोन्सिन्योर आल्तामुरा, उभे होते. ते आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, अंगठी काढून माझ्याकडे द्या, मी कारभाऱ्यांना पोचवतो. तिनं ती दोऱ्यासकट काढली आणि रुमालात ठेवून दिली. मोन्सिन्योर आता साफ म्हणत होते, की मला काही मिळालेलं नाही, मी निरोप द्यायला धावलो, मृतदेहापाशी तीच एकटी होती.

“मी सांगितलं, मोन्सिन्योरांना दिली,” सिस्टर म्हणाली. “कारभारी म्हणाले, मोन्सिन्योर खोटं कशाला बोलतील. मग मी गप्प बसले.”

माझ्या हातातली सुई वाकली. त्या झग्यावर मी आयुष्यात कधी एवढ्या जोरात सुई मारली नव्हती.

लेआर्को मला म्हणाला, मंगळवारी तुझ्याकडे काय काय काम आलं ते सांग. काय येणार? देहाला घालायचा पांढरा झगा आला होता. उजवी बाही उसवून द्या, हात शिरत नाही, असा निरोप होता. मी काखेपासून मनगटापर्यंत शिवण उसवली, आत पट्टी घातली आणि दिला. डावी बाही उलट लोंबत होती, ती टाचून घेतली.

त्यानं अंगठी परत रुमालात गुंडाळली. मग स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाला, “सैल अंगठी आणि न शिरणारी बाही.”

“काय म्हणालास?”

“काही नाही वहिनी. कॉफी टाक. दोन माणसांना इथे बोलवायचंय. चौकीवर नको, तिथे लोक विचार करून बोलतात.”

३

मोन्सिन्योर आल्तामुरांना बोलवायची गरजच पडली नाही. पाच वाजता ते आपल्या पायांनीच आले. देखणा माणूस, हात लोण्यासारखे. बाकावर सिस्टर बसली होती तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही, जणू तिथे कपड्यांचं गाठोडं ठेवलंय. मला म्हणाले, बाई, माझ्या डोक्याचं माप घेऊन ठेवा, लवकरच जांभळी टोपी लागेल.

जांभळी टोपी बिशपची. बिशप करतो पोप. पोप तर अजून निवडला जायचाय, आणि याच्या डोक्याला माप हवं. मी फीत अशी आवळली की त्यांच्या कपाळावर वळ उठला.

लेआर्कोनं अगदी नम्रपणे विचारलं, शेवटची भेट कशी झाली. मोन्सिन्योरांचा आवाज लगेच ओला झाला. सोमवारी संध्याकाळी सिस्टर सूप आणायला गेली असताना आपण एकटेच उशाशी होतो, म्हणाले. पोपबाबा पूर्ण शुद्धीत होते. निरोपाला आपण गुडघे टेकून अंगठीचं चुंबन घेतलं.

“मला ते भाग्य मिळालं नाही हो,” लेआर्को म्हणाला. “दाखवा ना, कसं ते.”

आणि त्यानं दोन्ही हात टेबलावर पुढे केले. मोन्सिन्योरांनी उजवा उचलून त्यावर ओठ टेकल्यासारखं केलं. त्यांच्या चेहऱ्यावर या साध्यासुध्या माणसाची कीव होती.

ते गेल्यावर डॉक्टर वेनान्झी आले, चिडचिडे आणि घाईत. त्यांच्यापुढेही लेआर्कोनं दोन्ही हात ठेवले आणि विचारलं, पोपबाबांना रोज तपासायचात ते कसं. त्यांनी सवयीनं डावं मनगट धरलं आणि नाडी मोजून वर सांगितलं, “कॉफी कमी पी.” शेवटी त्यानं सिस्टरपुढे हात धरले. तिनं वाकून डाव्या हाताच्या मधल्या बोटावर कपाळ टेकलं आणि पहिल्यांदाच रडली.

मला काही उमगेना. मी म्हटलं, लेआर्को, तू चौकशी करतोयस की हात बघतोयस?

“उद्या नऊला कारभाऱ्यांकडे चल,” तो म्हणाला. “तुझी ती उसवलेली बाही मला लागणार आहे.”

सकाळी आठला तो मला न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. रात्रीतून गोष्ट पुढे सरकली होती. मोन्सिन्योरांनी कारभाऱ्यांच्या हाती एक पत्र दिलं होतं. पोपबाबांच्या मोहोरेचं.

४

पोपला एखाद्याला मनातल्या मनात कार्डिनल करता येतं. नाव तो कुणाला सांगत नाही. न सांगताच मेला, तर ते नाव त्याच्याबरोबरच जातं आणि त्या माणसाला काहीच मिळत नाही. पत्रात लिहिलं होतं, की माझ्या मनातलं नाव आर्चबिशप कोर्वारा, हे मी आज सोमवारी संध्याकाळी जाहीर करतो. खाली थरथरती सही आणि लाल लाखेवर होडीची मोहोर. हे मानलं गेलं असतं, तर कोर्वारा बाकी कार्डिनलांबरोबर निवडणुकीला बसले असते, आणि मेलेल्या पोपची शेवटची इच्छा म्हणून कितीकांनी त्यांचंच नाव चिठ्ठीवर लिहिलं असतं. असं नुसत्या कागदावरून मानावं की नाही, यावर जाणत्यांचा वाद होता. पण मोहोरेपुढे वाद थंड पडतात.

“आणि त्या संध्याकाळी पत्रबित्र काही झालं नाही, हे सांगू शकेल असं एकच माणूस आहे,” लेआर्को जिन्यावर म्हणाला. “ते माणूस कालपासून चोर आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि पाठोपाठ संताप आला. अंगठी ठेवून घेण्यासारखी वस्तूच नव्हती ती. मोहोर उठवली की तिचं काम संपलं. डब्यात टाकली ती त्या बाईचं तोंड बंद करायला.

कारभाऱ्यांच्या खोलीत लेआर्को सोडून पाचजण होते. तिबुर्झी टेबलामागे, मोन्सिन्योर खुर्चीत, डॉक्टर खिडकीशी, सिस्टर दाराशी उभी आणि मी तिच्या शेजारी. मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. कारभाऱ्यांनी भुवई उचलली. मी म्हटलं, अकरा वर्षं उभी आहे ती, आज बसेल.

लेआर्कोनं आवाज चढवला नाही. मोन्सिन्योरांना एवढंच विचारलं, की सोमवारी पोपबाबांनी सही कुठल्या हातानं केली.

“उजव्या. आणखी कुठल्या?”

“आणि मोहोर?”

“त्याच हातानं. मी स्वतः मनगट धरून लाखेवर टेकवलं. मग अंगठीचं चुंबन घेतलं. काल सांगितलंय तुम्हाला.”

“काल दाखवलंतही. डॉक्टर, तुम्ही बोला.”

डॉक्टर खिडकीपासून वळले. “उजव्या हातात तीन आठवडे सलाईनची सुई होती. हात सुजून दुप्पट झाला होता. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत फळीला बांधून वर पट्टी गुंडाळली होती. सोमवारी तर होतीच होती. सही सोडा, बोटं दिसतसुद्धा नव्हती.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” कारभारी म्हणाले.

“मला सगळ्यांनी विचारलं, अंगठी पाहिलीत का. पाहिली होती. हात कुणी विचारला?”

मग मी उसवलेल्या बाहीचं सांगितलं. लेआर्कोनं सिस्टरला सांगायला लावलं. सूज चढायला लागली त्याच दिवशी तिनं साबण लावून उजव्या हातातली अंगठी काढली होती आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटात घातली होती. तो हात वाळून काडी झाला होता, म्हणून ती सैल होत होती, म्हणून दोरा. तीन आठवड्यांत त्या खोलीत जो कुणी एकदा जरी आला असेल, त्याला हे दिसल्यावाचून राहणार नव्हतं.

“पोपची अंगठी उजव्या हातात असते,” मोन्सिन्योर म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “उजव्याच हातात असते. सगळ्यांना माहीत आहे.”

“सगळ्यांना माहीत आहे तेच तुम्ही सांगितलंत,” लेआर्को म्हणाला. “बघितलं असतंत तर वेगळं सांगितलं असतंत.”

डॉक्टरांनी उरलेलं पुरं केलं. संसर्गाच्या भीतीनं मोन्सिन्योर तीन आठवडे उंबरठ्याच्या आत गेले नव्हते. दारातूनच विचारायचे, आज कसं आहे, आणि तसेच जेवायला जायचे. बाहेर मात्र रोमभर सांगायचे, की मी रात्रंदिवस उशाशी असतो. एकानंही पडताळून पाहिलं नाही, कारण मोन्सिन्योर खोटं कशाला बोलतील.

५

लेआर्कोनं खिशातून पुडी काढली. सकाळी सातला, कारभाऱ्यांच्याच परवानगीनं, त्यानं मोन्सिन्योरांच्या टेबलाचा खण उघडला होता. त्यात लाखेच्या कांडीला चिकटलेला पांढरा दोरा होता, वीतभर, मेण लावलेला, त्यावर लाखेचा लाल ठिपका. मी टेबलाशी जाऊन पाहिला. माझाच दोरा. मोहोर उठवताना अंगठी बोटांत नीट धरता यावी म्हणून मोन्सिन्योरांनी तो सोडवून टाकला होता. तो कशासाठी गुंडाळलाय, हा प्रश्नही त्याला पडला नसणार. बायकांचं काहीतरी, असंच वाटलं असेल.

मोन्सिन्योर रडायला लागले. टोपी त्यांना कोर्वारांनी कबूल केली होती. त्यांना कुणाचं वाईट करायचं नव्हतं. अंगठी परतच करणार होते, पण कारभारी फार लवकर आले, आणि मग बोळात तो डबा दिसला. हे सगळं ते कारभाऱ्यांकडे बघून बोलत होते. जिच्या डब्यात अंगठी टाकली, ती चार पावलांवर बसली होती, तिच्याकडे मान एकदाही वळली नाही. माझ्या हातात त्या क्षणी कात्री नव्हती, ही देवाची कृपा.

तिबुर्झींनी पत्राची घडी करून खणात टाकलं आणि किल्ली फिरवली. मग त्यांनी निवाडा केला. मोन्सिन्योरांची तब्येत बिघडली आहे, त्यांना आजच डोंगरातल्या विश्रांतिगृहात पाठवायचं. आर्चबिशप कोर्वारांशी आपण खासगीत बोलू. मठाचं पत्र जाणार नाही. सिस्टरवर कसलाही आळ नाही.

“वर्तमानपत्रात हे येईल?” सिस्टरनं विचारलं.

“निवडणूक तोंडावर आहे, सिस्टर. आता उगाच चर्चा नको. तुम्ही निर्दोष आहात हे देवाला माहीत आहे.”

ती उठून उभी राहिली. तिचा आवाज मी एवढा स्पष्ट कधी ऐकला नव्हता.

“देवाला आधीही माहीत होतं, कार्डिनलसाहेब. माझ्या गावाला माहीत नाही.”

कारभाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दहाला पाच मिनिटं होती.

बैठकीच्या दालनात बायकांना प्रवेश नाही. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आत अंगठीवर छिन्नीचे घाव पडले ते दारातून ऐकू आले. आधी एक, मग थोड्या वेळानं दुसरा. सिस्टरनं प्रत्येक घावाला डोळे मिटले. मग म्हणाली, दुपारची गाडी मी घेतेच, ओत्ताव्हिया, इथे आता माझं कोण आहे. मी तिला पाव, चीज आणि माझ्या नव्या सपाता बांधून दिल्या. स्टेशनावर एका बाईनं तिच्याकडे बोट दाखवून शेजारणीला काहीतरी सांगितलं. मी त्या बाईला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी लेआर्कोनं तो दोरा आणून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, प्रकरणच नाही तर पुरावा कुठे ठेवू, वहिनी.

मी त्याचे तीन तुकडे केले. तीन झग्यांच्या गळपट्ट्या अजून मिटवायच्या होत्या. लहान, मध्यम, मोठा, एकेकीत आतल्या बाजूनं, बरोबर मानेच्या मणक्यावर येईल अशी, मी एकेक गाठ मारली. घट्ट, टणक, ज्वारीच्या दाण्याएवढी. एकतीस वर्षांत माझ्या हातून झग्यात गाठ राहिलेली नाही. ही मी राहू दिली. कोण निवडून येईल मला ठाऊक नव्हतं आणि त्याचं मला देणंघेणंही नव्हतं. कुणीही येवो, त्याला टोचली पाहिजे.

अठरा दिवसांनी पोप निवडल्याचा पांढरा धूर निघाला. मी चौकात गर्दीत उभी होते, लेआर्को माझ्या बाजूला. पडदे सरकले आणि नवा पोप सज्जात आला. मध्यम झगा बसला होता त्याला. लोक रडत होते, टोप्या उडवत होते. त्यानं हसून दोन्ही हात उंचावले. मग एक हात खाली आला आणि दोन बोटं गळपट्टीत, मागच्या बाजूला शिरली.

“वहिनी,” लेआर्को हळूच म्हणाला, “ते मान का खाजवतायत?”

“विचार जाऊन,” मी म्हटलं. “सिस्टरचं त्याला कुणीतरी सांगायलाच हवंय.”